भाषेच्या तासाला पोरगं गप्प का बसतं? सगळ्यांना बोलतं करणारे तीन खेळ

वाशीम : घरी दिवसभर बडबडणारं पोरगं मराठीच्या तासाला तोंड उघडत नाही. त्यात हुशारीचा काही संबंध नसतो. आपल्याकडे तांड्यावर गोरमाटी बोलतात, बाकी गावांत वऱ्हाडी. आईला 'याडी' किंवा शेताला 'वावर' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातले शब्द परके वाटतात. चुकलो तर सगळे हसतील, म्हणून ते गप्प राहतं.

नेहमीच्या खेळांत जो चुकला तो बाद. म्हणजे ज्याला सराव जास्त हवा, तोच आधी बाहेर! सहकार्याच्या खेळात कोणी बाद होत नाही. जिंकला तर सगळा गट जिंकतो.

ही पद्धत कुठली?
१९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या समाजांची मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक दिला. प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय धडा पूर्ण होईना. त्यामुळे गप्प मुलालाही बोलावं लागलं आणि बाकीच्यांना त्याचं ऐकावं लागलं.

खेळ कसे घ्यायचे?

१) गोष्टीचे तुकडे : गोष्टीची पाच वाक्यं पाच चिठ्ठ्यांवर लिहा. पाच जणांना एकेक द्या. चिठ्ठी दाखवायची नाही, वाचून सांगायची. मग सगळ्यांनी मिळून क्रम लावायचा.

२) शब्दसाखळी : कपाशी, शाळा, लसूण, नदी... 'ळ' आला की 'ल', 'ण' आला की 'न' धरायचा. अडलेल्याला गटानं सुचवायचं, पण शब्द त्यानंच म्हणायचा. पाच मिनिटांत किती शब्द झाले ते मोजा. उद्या आपलाच आकडा मोडायचा.

३) सांग आणि काढ : एकानं चित्र पाहून सांगायचं, दुसऱ्यानं न पाहता काढायचं. विहिरीच्या डावीकडं झाड, झाडाखाली बैल. मग अदलाबदल.

काय सांभाळायचं?
गट चार-पाच जणांचाच ठेवा. हुशार आणि लाजरी मुलं एकत्र बसवा. घरच्या बोलीतला शब्द आला तर हसू नका. तो फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकातला लिहा. एकच मूल सगळं बोलत असेल तर पाळी ठरवून द्या.

पालकांनी काय करायचं?
२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. खर्च काय, तर कागद आणि खडू. आणि आज संध्याकाळी ओसरीवर शब्दसाखळी खेळून बघाच. आजीलाही घ्या, तिच्याकडं शब्द भरपूर असतात.