पाळणा, कड आणि बाबागाडी : अर्भकाच्या दृष्टीचा एक शब्देतिहास

बाबागाडीतून फिरणाऱ्या अर्भकाला पाहण्यासाठी काही मुद्दाम पुरवावे लागते काय, हा प्रश्न वरवर पाहता बालसंगोपनशास्त्राचा आहे. परंतु मूल ज्यात निजते, जेथे बसते आणि ज्यातून फिरते, त्यांची नावे तपासली असता तो इतिहासाचा व भाषेचाही प्रश्न आहे, असे दिसून येते. प्रस्तुत लेखात ही नावे धर्माबाद परिसर डोळ्यांसमोर ठेवून तपासावयाची आहेत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील हे गाव १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मराठी आणि तेलुगू येथे शेजारी म्हणून नांदतात. गावावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग एका जुन्या इंग्रजी छावणीपर्यंत पोहोचतो, ही गोष्टही पुढील विवेचनाच्या दृष्टीने अप्रस्तुत नाही.

प्रथम ‘पाळणा’ हा शब्द घेऊ. त्याचे नाते ‘पाळणे’ या क्रियापदाशी, म्हणजेच संस्कृत ‘पाल्’ धातूशी आहे. तेलुगूतील ‘उय्याल’ हा शब्द झोक्यालाही लागतो आणि पाळण्यालाही. तेथे मुख्य कल्पना हेलकाव्याची आहे. मराठीत मुख्य कल्पना संगोपनाची आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मराठीत ‘पाळणा’ म्हणजे वस्तूही आणि ती हलविताना म्हणावयाचे गीतही. बारशाच्या दिवशी पाळणा बांधतात आणि पाळणा म्हणतात. पाळण्यावर टांगावयाच्या खेळण्याला ‘चिमणाळे’ हा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे अर्भकाच्या डोळ्यांसाठी काही हलते, रंगीत असावे, ही जाणीव आपल्याकडे जुनीच आहे. मात्र चिमणाळ्याखाली पाळण्याची दोरी असते, दोरीला माणसाचा हात असतो आणि त्या हातामागे आवाज असतो. दृश्य एकटे येत नाही.

दुसरा शब्द ‘कड’. मूल ‘कडेवर’ असते, तेव्हा ते मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास उंचीवर असते. जे मोठ्याला दिसते तेच त्याला दिसते आणि मान वळविताच घेणाऱ्याचा चेहराही दिसतो. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर व माइकेल स्केफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या वर्षातच मूल मोठ्यांच्या नजरेच्या रोखाने पाहू लागते. ‘ती बघ म्हैस’ या वाक्यातील ‘ती’ हे दर्शक सर्वनाम मुलाला कळावयाचे, तर दोघांची नजर एकाच वस्तूवर स्थिरावावी लागते. तेथेच शब्द आणि वस्तू यांची गाठ पडते.

याचा अर्थ परंपरेत सर्व काही उत्तम होते, असा मात्र नव्हे. मजूर स्त्री शेताच्या बांधावरील झाडाला झोळी बांधते, तेव्हा आतल्या मुलाला कापड आणि आभाळाचा एक तुकडा यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. झोळी ही निवड नसून निकड असते. परंपरेचा गौरव करताना ही बाजू दृष्टिआड होता कामा नये.

आता ‘बाबागाडी’. घरातील लहानग्याला मराठीत ‘बाळ’ म्हणतात. तरीही शब्द ‘बाळगाडी’ असा रूढ झाला नाही. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) अँग्लो-इंडियन घरांतील मुलांना ‘बाबा’ व त्यांच्या समूहाला ‘बाबा लोग’ म्हणत, अशी नोंद आहे. मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे ‘आया’ हे नाव तर पोर्तुगीजांकडून आलेले. यावरून ‘बाबागाडी’ हा शब्द छावणीच्या व बंगल्याच्या जगातून आला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. गाडी ढकलणारी पुष्कळदा आई नसून नोकर होती, हेही त्यातून सूचित होते.

इंग्लंडात ही गाडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आली. मुलाने कोणीकडे तोंड करावे, हा प्रश्नही जुनाच आहे. बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी १८८९ मध्ये दिशा बदलता येणाऱ्या गाडीचे स्वामित्व मिळविले. पुढे १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या विमान-अभियंत्याने हलकी, घडी होणारी गाडी काढली. सोय वाढली; परंतु अशा गाड्यांत मुलाचे तोंड बहुधा रस्त्याकडे झाले आणि ढकलणारा त्याच्या दृष्टीआड गेला. २००८ मध्ये डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी ब्रिटनमधील सुमारे २,७०० जोड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मूल समोर तोंड करून बसले असता पालक त्याच्याशी दुपटीहून अधिक वेळा बोलताना आढळले. केवळ निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे.

मग खेळणी टांगावीत काय? रॉबर्ट फँट्झ यांच्या १९६० च्या सुमाराच्या प्रयोगांनी नवजात अर्भकही कोऱ्या पृष्ठापेक्षा आकृतीकडे अधिक वेळ पाहते, हे सिद्ध केले. परंतु त्याच दशकात बर्टन व्हाइट व रिचर्ड हेल्ड यांनी संस्थेत वाढणाऱ्या मुलांच्या खाटांवर रंगीत वस्तूंची गर्दी केली, तेव्हा ती मुले आरंभी अधिक रडली आणि स्वतःच्या हातांकडे उशिरा पाहू लागली. वस्तू पकडण्यास ती इतरांआधी शिकली, हे खरे. पण ज्यांच्यापुढे मोजक्याच वस्तू ठेवल्या होत्या ती त्यांच्याही आधी शिकली. अभाव घातक, तशी रेलचेलही उपकारक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि त्यांना बाबागाडीत किंवा पाठीशीही सलग एका तासाहून अधिक बांधून ठेवू नये, असे सांगितले. आज धर्माबादेतही मुलापुढे भ्रमणध्वनी धरला जातो, तेव्हा या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पडदा हे दोरी तुटलेले चिमणाळे आहे : दृश्य हलते, पण ते हलविणारा हात आणि त्यामागचा आवाज तेथे नाही.

तात्पर्य, बाबागाडीतील मुलाला निराळ्या दृश्याची गरज नाही. रस्ता त्याला पुरेसे दृश्य देतो. गरज आहे ती त्या दृश्याला नाव देणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस मुलाला दिसण्याची. ‘पाळणा’ या एकाच शब्दात वस्तू आणि गीत एकत्र ठेवणाऱ्या भाषेने हे सूत्र आपल्या परीने केव्हाच नोंदवून ठेविले आहे.