वणव्यानंतरची उभारणी : नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातील घर, शेत व हक्क

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हा डोंगरी पट्टा पावसाळ्यात मुसळधार पावसाचा, तर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत वाळक्या गवताचा प्रदेश होय. या काळात डोंगराला वणवा लागणे ही नित्याची गोष्ट. वणव्याच्या वृत्तांतात रानाच्या हानीचा हिशेब मांडलेला असतो. परंतु आग रानालगतच्या वस्तीत शिरली म्हणजे घर आणि शेत पुन्हा कसे उभे राहते, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. त्याचे उत्तर केवळ साहित्य आणि श्रम यांत सापडत नाही. घराचे साहित्य रानातच होते. ते घेण्याचा अधिकार कोणत्या शब्दाने ओळखला जाई, यावर उभारणीचे यशापयश ठरत आले, असे या पट्ट्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास दाखवितो.

कोकणा, महादेव कोळी, वारली व ठाकूर या समाजांचे जुने घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीच्या काठ्यांचा शेणमातीने लिंपलेला कूड आणि वर गवताचे छप्पर. हे सर्व साहित्य फुकटचे दिसले, तरी त्याला ऋतूंचे बंधन असते. छपराचे गवत पावसाळा संपल्यावर कापावयाचे. ते चैत्रात जळाले तर पुढील कार्तिकापर्यंत नवे मिळत नाही. कारवीला सुमारे सात वर्षांनी एकदाच सामुदायिक बहर येतो व त्यानंतर ती वाळते; कुडाजोगी जाड काठी मिळण्यास काही वर्षे जावी लागतात. म्हणजे वैशाखात घर जळालेल्या कुटुंबाला मृगापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत पानाफांद्यांचा तात्पुरता आडोसाच करता येई. खरे घर निदान एका पावसाळ्यानंतरचे. शेताची स्थिती याहून बिकट. जमीन जळत नाही, पण कणगीतले नागली-वरईचे बी जळते, वैरणीची गंजी जळते. बी आणि बैल नसतील तर शाबूत जमिनीचाही उपयोग नाही.

येथे भाषेतील एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. या भागात राब ‘भाजतात’, वणवा ‘लागतो’. पहिल्या क्रियापदाला कर्ता आहे, दुसऱ्याला नाही. राब म्हणजे रोपांच्या वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून पावसापूर्वी ते जाळणे. त्यामुळे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पोटॅश मिळते. पुढे भाताची वा नागलीची रोपे तेथून उपटून शेतात लावतात. राब हे शेतीचे काम होय, वणवा हे संकट. एकाच ऋतूत, एकाच डोंगरउतारावर पेटणाऱ्या या दोन आगी शेतकऱ्याच्या बोलीने काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या होत्या.

कायद्याची भाषा मात्र या दोहोंकडे प्रामुख्याने रानाला असलेला धोका म्हणूनच पाही. 1878 साली भारतीय वन कायदा आला आणि त्याच साली पेठ संस्थान खालसा झाले. सुरगाणा संस्थान मात्र 1948 पर्यंत वेगळे राहिले. रान राखीव झाल्यावर रयतेच्या पूर्वापार वहिवाटीची विभागणी ‘हक्क’ आणि ‘सवलत’ अशा दोन सदरांत झाली. हक्काला दाद मागता येते. सवलत काढून घेता येते. शेजारच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांवरून 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबासाठी फांद्या तोडण्याचा प्रश्न प्रमुख होता. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्या 1893 सालच्या भारतीय शेतीविषयक अहवालातही राबाची चर्चा आहे.

वणवाग्रस्तांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र निराळीच होती. राखीव वनात हेतुपुरस्सर अथवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास तेथील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क शासनाला वाटेल त्या मुदतीपर्यंत स्थगित करता येतील, असे 1878 च्या कायद्यात होते. 1927 च्या कायद्यातील कलम 26 मध्येही ते कायम राहिले. दोषी एक असला तरी स्थगिती त्या क्षेत्रातील सर्व हक्कदारांना लागू होणार. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 79 प्रमाणे हक्कदारांवर आग विझविण्यास साह्य करण्याचे बंधन होते. ज्याने आग विझवावयाची, त्यालाच घर उभारण्यासाठी लागणारे लाकूड व गवत त्या आगीमुळे नाकारले जाऊ शकत होते.

बी-बैलांसाठी 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्यान्वये तगाई मिळण्याची सोय होती. परंतु तगाई हे कर्ज होते, भरपाई नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात आग हीही शासकीय मदतीस पात्र आपत्ती ठरली. तथापि शब्दाचे महत्त्व कमी झाले नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या कालावधीच्या निकषांत पूर्णतः नष्ट झालेल्या पक्क्या वा कच्च्या घरास सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये व डोंगरी प्रदेशात 1,30,000 रुपये, तर झोपडीस 8,000 रुपये साह्य ठरविले होते. गवत, माती इत्यादींची, कच्च्या घराहून हलकी व तात्पुरती वास्तू ती झोपडी, अशी व्याख्या त्यांत होती. कारवीचा कूड आणि गवताचे छप्पर असलेले, पिढ्यान्‌पिढ्या नांदते घर पंचनाम्यात कोणत्या शब्दाने नोंदले जाते, यावर पंधरा-सोळा पटींचा फरक पडत होता. घर अधिकृत असल्याचा दाखलाही निकषांत अपेक्षित होता. वनजमिनीवरील वहिवाटदाराला तो मिळविणे सोपे नव्हते.

2006 च्या वनहक्क मान्यता कायद्याने वहिवाटीची जमीन आणि बांबूसह गौण वनोपज यांवरील अधिकार ‘हक्क’ या शब्दाने मान्य केले. 1878 नंतर सवलतीच्या सदरात ढकलल्या गेलेल्या वहिवाटीचे हे शब्दशः परिमार्जन होय. पण कायद्यातील शब्द आणि दप्तरातील नोंद यांत अंतर राहिले. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात वनजमिनीच्या हक्कांची मागणी अग्रभागी होती, ती यामुळेच.

वणव्यानंतर कारवी पुन्हा फुटते, गवत पुन्हा वाढते. रानाची उभारणी पावसावर सोपविता येते. घराची उभारणी तशी सोपविता येत नाही. तिला पावसाच्या आधी छप्पर हवे, बी हवे, आणि त्या दोहोंच्याही आधी दप्तरात ‘घर’ व ‘हक्क’ हे दोन शब्द हवेत. ते आग लागण्यापूर्वीच नोंदलेले असले, तरच उपयोगी पडतात.