दिसलेला थवा आणि मोजलेला मासा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. अटलांटिक ब्लूफिन ट्यूना हा आपल्या कोकणातल्या कुप्याच्या कुळातला मासा. पण आकार वेगळाच: 1979 मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात गळाला लागलेला ब्लूफिन 679 किलोंचा होता. ब्लूफिन हल्ली पूर्वी कधी नव्हता इतका दिसतो, असे हे मासेमार सांगतात. बोटीच्या दोन्ही अंगांनी थवे उसळतात, तरी दिवसाला मोजकेच मासे ठेवायचे, तेही इंचांत ठरवून दिलेल्या लांबीचे. शिवाय ऐन हंगामात कोटा संपला म्हणून बंदी येते. 2025 मध्ये तर ऑगस्टमध्येच उरलेल्या वर्षासाठी हौशी मासेमारी थांबवली गेली. म्हणून ते म्हणतात: मासा मुबलक आहे, जगातल्या शास्त्रज्ञांनीही तो सावरल्याचे मान्य केले आहे, आणि गळाने धरलेल्या चार माशांनी समुद्र रिता होत नाही, मग हा कोटा कशासाठी?

ही माणसे खोटे बोलत नाहीत. वर्षभर पैसे साठवून बोट सज्ज करायची आणि सुट्टीच्या दिवशी नेमकी बंदी जाहीर व्हायची, यातला मनस्ताप मी हलका मानत नाही. त्यांनी जे पाहिले ते खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला मुद्दा थव्यांचा. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण अग्नीवाचून धूर होत नाही. थव्याचे तसे नाही. साठा वाढला तरी थवा दिसतो, घटला तरी दिसतो. अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या अशा आधाराला, आपले नैयायिक सव्यभिचार म्हणतात. त्याने साध्य सिद्ध होत नाही. ब्लूफिन भक्ष्यामागे फिरतो. मॅसॅच्युसेट्ससमोरच्या स्टेलवॅगन बँकेवर सँड लान्स किंवा न्यू जर्सीसमोर मेनहेडन हे छोटे मासे दाटले की तोही तिथे गोळा होतो. एखाद्या वर्षीची पिले जास्त जगली तर त्या एका वयाचे मासे काही वर्षे किनाऱ्याशी गर्दी करतात. त्यांच्या मागच्या-पुढच्या पिढ्या विरळ असू शकतात. थव्यावरून साठा ठरवण्याच्या चुकीची किंमत कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने मोजली आहे. तिथला कॉड मासा संपत आला तेव्हा उरलेले मासे एकत्र दाटत गेले, म्हणून मोठ्या ट्रॉलरांची जाळी भरतच राहिली आणि साठ्याचे अंदाज त्या भरलेल्या जाळ्यांवर बेतले गेले. 2 जुलै 1992 रोजी बंदी जाहीर झाली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला.

दुसरा मुद्दा, मासा सावरल्याचा. 2021 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्लूफिनला संकटग्रस्त जातींच्या वर्गातून काढले, हे खरे. पण त्याच वेळी हेही सांगितले गेले की पश्चिम अटलांटिकमधला साठा 1970 च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याहून अधिक घटलेला आहे. ट्यूनाचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय आयोग आयकॅट 45 अंश पश्चिम रेखांशावर पूर्व आणि पश्चिम साठ्यांची सीमा मानतो. मासा ती मानत नाही. भूमध्य समुद्रात जन्मलेले मासे अमेरिकेपर्यंत पोहतात आणि मेक्सिकोच्या आखातात जन्मलेल्यांत मिसळतात. कोणता कुठला, हे कानातल्या खड्याच्या रसायनावरून किंवा जनुकांवरून कळते, डेकवर उभे राहून कळत नाही. विपुल परक्यांच्या गर्दीत विरळ झालेला घरचा मासा झाकला जातो.

आणि पूर्वेचा साठा सावरला तो कशाने? 2007 मध्ये तिथला कोटा 29,500 टन होता. प्रत्यक्षात सुमारे 61,000 टन मासा मारला गेला असावा, असा आयकॅटच्याच शास्त्रज्ञांचा अंदाज होता. पुढे देखरेख कडक झाली आणि 2011 साठी कोटा 12,900 टनांवर आणला गेला. त्या संयमानंतरच तो 2023 मध्ये 40,570 टनांपर्यंत वाढवता आला. आजची विपुलता हे कोट्याचे फळ आहे. तेच फळ दाखवून झाड तोडायची मागणी करता येत नाही.

तिसरा मुद्दा, गळाने असा किती मासा मरणार? एका बोटीचा हिशेब केला तर नगण्य. पण अशा बोटी हजारोंनी आहेत. अमेरिकेच्या वाट्याच्या ब्लूफिनपैकी 22.6 टक्के हौशी गळकऱ्यांसाठी राखलेला आहे, तर लांब दोरीला अनेक गळ लावणाऱ्या व्यापारी लाँगलाइन बोटींना 15.9 टक्के मिळतो. याच किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बास या माशाचा बहुतांश संहार व्यापारी जाळ्यांनी नव्हे, हौशी गळांनी होतो. शिवाय 115 सेंटिमीटरहून लहान ब्लूफिनवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, कारण ते बहुतांशी अजून एकदाही प्रजनन न केलेले मासे असतात.

एवढे खंडन झाल्यावर तक्रारीत उरणारे सत्य मान्य करायला हवे. न्यूफाउंडलंडमध्ये किनाऱ्याजवळचे छोटे मासेमार कॉड घटत असल्याचे आधीपासून सांगत होते आणि त्यांचे ऐकले गेले नाही. म्हणजे मासेमाराची नजर टाकाऊ नाही. ती मोजमापात आणली पाहिजे. खरा दोष या मोजणीत आहे. विकलेला प्रत्येक ब्लूफिन व्यापाऱ्याच्या नोंदीत येतो. हौसेने धरलेला मासा विकायचा नसतो. तो चोवीस तासांत कळवावा असा नियम आहे, पण सगळे कळवत नाहीत. मग धक्क्यावरच्या आणि फोनवरच्या मुलाखतींतून अंदाज बांधायचा. तो उशिरा येतो, आणि आकडा फुगलेला निघाला की बंदी अचानक कोसळते.

यावर उपाय अमेरिकेतच आहे. मेरिलँड आणि नॉर्थ कॅरोलायनात ब्लूफिन उतरवताना कार्ड भरून द्यावे लागते आणि त्या बदल्यात मिळालेली खूणपट्टी माशाच्या शेपटीला बांधावी लागते. ही अंदाजाऐवजी मोजदाद आहे. गळकऱ्यांच्या संघटनांनी हीच पद्धत प्रत्येक राज्यात मागावी. 2022 मध्ये आयकॅटने कोटा ठरवण्याचे पूर्वनियोजित सूत्र स्वीकारले. त्यात मेक्सिकोच्या आखातातल्या अळ्यांच्या पाहणीसारख्या निर्देशांकांबरोबर अमेरिकी गळाच्या मासेमारीचा निर्देशांकही आहे. म्हणजे साठ्याविषयी साक्ष देण्याची जागा गळकऱ्याला आधीच मिळालेली आहे. जो आपला मासा कळवत नाही, तो ती साक्ष स्वतःच दुबळी करतो. कोट्याविरुद्ध जेवढी ताकद आज खर्च होते, तेवढी प्रत्येक शेपटीला पट्टी बांधण्यासाठी खर्च झाली, तर पुढच्या हंगामातली बंदी निदान कुणावर अवचित येणार नाही.