होरपळलेल्या हातांची कथा

तळहाताची त्वचा जाड व खालच्या थरांशीं घट्ट बांधलेली असते. हाताच्या पाठीवरील त्वचा मात्र पातळ आणि सैल असते. मूठ मिटतांना ती ताणली जाते, मूठ उघडतांच पुन्हां सैलावते. हा सैलपणा नाहींसा झाला, कीं बोटें शाबूत असूनहि हात निकामी होतो.

१९४० सालीं ब्रिटनवर झालेल्या हवाई युद्धांत अनेक तरुण वैमानिकांवर हीच आपत्ति ओढवली. लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढेंच असे. तिनें पेट घेतला, कीं कांहीं क्षणांतच तोंड व हात होरपळून निघत. ज्यांनीं हातमोजे घातलेले नसत, त्यांची दशा तर फारच करुण होई.

भाजलेल्या भागावर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत त्या वेळीं रूढ होती. शरीरांतील द्रव पाझरून जाऊं नये, या हेतूनें १९२५ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें डेव्हिडसन यांनीं ती प्रचारांत आणली होती. हेतु उत्तम होता. परंतु हातावर या आम्लाचें कठीण कवच बने, तें बोटांना आवळी, रक्ताभिसरण खुंटे आणि बोटें पंजासारखीं आखडून जात. अग्नीनें जें वांचविलें, तें औषधानें नेलें!

ससेक्समधील ईस्ट ग्रिनस्टेड येथील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयांत आर्चिबाल्ड मॅकइंडो हे न्यूझीलंडचे शस्त्रवैद्य या वैमानिकांवर उपचार करीत. जे समुद्रांत पडले होते, त्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हें त्यांच्या नजरेस आलें. त्यांनीं टॅनिक आम्ल वर्ज्य केलें आणि मिठाच्या कोमट पाण्याचें स्नान सुरू केलें.

जखम स्वच्छ झाली, कीं मांडीवरील पातळ त्वचा काढून हाताच्या पाठीवर बसवितां येई. स्नायूंच्या दोऱ्या उघड्या पडल्या असल्यास मात्र ती तग धरीत नसे. अशा जागीं पोटावरील त्वचेचा चरबीसह पट्टा, एका बाजूनें पोटाशीं जोडलेलाच ठेवून, हातावर शिवावा लागे. सुमारें तीन आठवडे हात पोटाशीं जखडलेला राही. पट्ट्याला हातांतून रक्त मिळूं लागलें, म्हणजे तो पोटापासून कापून हात मोकळा करीत.

१९४१ च्या जुलैंत या रुग्णांनीं ‘गिनीपिग क्लब’ स्थापिला. प्रयोगाच्या प्राण्याचें नांव त्यांनीं हंसत स्वीकारलें. चिटणीस नेमला तो हात भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लिहावयास नको. खजिनदार पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळावयास नको! युद्धाच्या अखेरीस सभासदांची संख्या ६४९ झाली होती. त्यांपैकीं कांहींनीं पुन्हां विमानें चालविलीं.

सर्वमान्य उपायहि रोग्याच्या बोटांवर पारखून घ्यावा लागतो, हा धडा त्या हातांनीं वैद्यकास दिला.