सीए-१२५ आणि क्षयाचा जुना मुलूख

सीए-१२५ हे पेशींच्या पृष्ठभागावरचे, साखरेच्या साखळ्या जोडलेले एक मोठे प्रथिन आहे. अंडाशयाच्या कर्करोगात ते तुटून रक्तात उतरते, म्हणून आजाराची खूण म्हणून मोजले जाते. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ‘ओसी-१२५’ या अँटिबॉडीच्या मदतीने ते हेरले. १९८३ साली त्याची रक्तचाचणी प्रसिद्ध झाली. तेव्हा ठरलेली ३५ युनिटची मर्यादा आजही रिपोर्टवर छापलेली असते.

सातारा-सांगलीत ही चाचणी पोहोचली तेव्हा तिच्या वाट्याला क्षयाचा जुना मुलूख आला. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. पुढे सांगली-मिरज रस्त्यावर, आज वॉनलेसवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच मुख्य इलाज. स्ट्रेप्टोमायसिन आले ते १९४० च्या दशकात.

क्षय फक्त फुप्फुसाला होतो, हा समज मात्र अजून पुरता गेलेला नाही. तो पोटातल्या आवरणालाही धरतो. ते आवरण चिडले की त्याच्या पेशीही सीए-१२५ सोडू लागतात. घोळ इथेच होतो. वजन घटलेली बाई, फुगलेले पोट, सोनोग्राफीत पाणी आणि सीए-१२५ चारशे-पाचशे: हे चित्र कर्करोगाचे असते, तसेच क्षयाचेही. दुर्बिणीतून आत पाहिले तर क्षयात आवरणभर बाजरीच्या दाण्यांएवढे पांढरट कण दिसतात. पण कर्करोगही कधी कधी तसाच पसरतो. म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही. निदान क्षयाचे निघाले तर औषधे सुरू केल्यावर काही महिन्यांत आकडा खाली येतो. ज्या आजाराला गोळ्या पुरतात, त्यासाठी अंडाशय-गर्भाशय काढले जाणे ही भरून न येणारी हानी आहे.

पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस आणि यकृताचे आजार यांतही हा आकडा चढतो. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात तो पुष्कळदा चढतच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले: नियमित चाचणी करूनही अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत. त्यामुळे तक्रार नसलेल्या बाईला ‘एकदा करून बघू’ म्हणून ही चाचणी सुचवणे योग्य नाही.

तिचा खरा उपयोग निदान झाल्यानंतरचा. केमोथेरपी लागू पडते आहे का, शस्त्रक्रियेनंतर आजार परतला का, हे एकामागून एक आलेल्या आकड्यांच्या चढ-उतारावरून कळते. पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेले, असा रिपोर्ट हाती आला तर नातेवाइकांनी डॉक्टरांना आधी एवढे विचारावे: क्षयाची तपासणी झाली का आणि तुकडा कधी काढणार?