बोलावलेलं भूत

एलिमेंटल म्हणजे आग, पाणी, माती, वारा यांपैकी एखादं महाभूत, जिवंत झालेलं. (आकाश तिकडे धरत नाहीत!) गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जादूगार ते मदतीला बोलवायचा. मेख अशी, की त्याचं लक्ष ढळलं की भूत त्याच्यावरच उलटायचं. अफाट ताकदीची ही वसुली मला तरी झकास वाटते, सगळं टेबल श्वास रोखून बसतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही मेख शाबूत होती. २०२० मध्ये आलेल्या नव्या मंत्राने मात्र हिशोब चोख केला: चौथ्या पातळीला दोन हल्ले, सहाव्या पातळीला तीन, आणि लक्ष ढळलं की भूत गायब. टेस्टिंगला सोपं, पण मग भीती कसली? २०२४ च्या नियमपुस्तकात तर जुन्या मंत्रातलं भूतही जागचं हलत नाही.