अठरा वर्षांत जुना झालेला चमत्कार

१.
कॅसेटची सैल झालेली फीत पेन्सिलीने गुंडाळणारी पिढी अजून पुरती म्हातारीही झालेली नाही. तरी पेन्सिलीचा आणि कॅसेटचा संबंध काय, हे आज विशीतल्या मुलांना समजावून सांगावे लागते. केस पिकण्याआधीच माणसाला जुने ठरवणारा हा अनुभव नवा मात्र नाही. महाराष्ट्रातील एका पिढीने तो सुमारे नव्वद वर्षांपूर्वी घेतला. त्या पिढीतील तिघांची ही कथा : दादासाहेब फाळके, गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्व.

२.
३ मे १९१३. गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. फाळके त्या वेळी ४३ वर्षांचे होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे अनेक उद्योग करून ते या कलेपर्यंत पोहोचले होते. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कॅमेरा आणला आणि दादरचे राहते घरच कारखाना झाले. कथा, चित्रीकरण, फिल्म धुणे, जोडणे ही सारी कामे त्यांच्या देखरेखीखाली घरातच होत. फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम पत्नी सरस्वतीबाई करीत.

३.
तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पडद्यावर आवाज नव्हता. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत आणि कथा पुढे सरके. परंतु या चित्रात काही उणे आहे, असे प्रेक्षकांना वाटण्याचे कारणच नव्हते. पुराणातला राजा डोळ्यांसमोर चालत होता, एवढा चमत्कार पुरेसा होता.

४.
त्याच १९१३ साली मराठी रंगभूमीवरही एक मोठी घटना घडली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बालगंधर्व तेव्हा २५ वर्षांचे होते. त्यांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रिया लुगडे नेसण्याची आणि दागिने ल्यायची रीत उचलीत. ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद नव्या अंगाने फुलत जाई. चित्रपटाला रूप होते, नाटकाला रूप आणि स्वर दोन्ही होते. दोघांचे प्रेक्षक आपापल्या जागी तृप्त होते.

५.
१४ मार्च १९३१. पुन्हा गिरगावच, या वेळी मॅजेस्टिक सिनेमा. अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण करायचे होते आणि स्टुडिओशेजारून रेल्वेगाड्या धावत. त्यामुळे बरेचसे काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर उरकले जाई. माइक नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत.

६.
‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘आलम आरा’ यांत जेमतेम अठरा वर्षांचे अंतर आहे. चित्र बोलत नव्हते तोवर त्याला मुके म्हणण्याचे कारण नव्हते. दुसरे चित्र बोलू लागले आणि आधीचे एकाएकी ‘मूकपट’ झाले. फाळक्यांच्या चित्रांतील एकही चौकट बदलली नव्हती. बदलला होता तो प्रेक्षकांचा कान. वस्तू जागच्या जागी राहून जुनी होते ती अशी.

७.
याचा फटका अनेकांना बसला. पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणाऱ्यांची आणि न वाचता येणाऱ्या प्रेक्षकांना पाट्या मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांची गरज संपली. मूकपटांची राणी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांना हिंदुस्तानी भाषेचे धडे गिरवावे लागले. पूर्वी पाट्या बदलल्या की तोच चित्रपट कोणत्याही प्रांतात चाले. आता भाषेच्या भिंती उभ्या राहिल्या.

८.
फाळके या बदलाच्या ऐन मध्यावर सापडले. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि १९३२ मध्ये प्रदर्शित झाला, तोवर बाजारात बोलपटांची चलती झाली होती. पुढे १९३४ मध्ये त्याला मागाहून ध्वनी जोडण्यात आला. घरातल्या घरात सगळा चित्रपट घडवणाऱ्या कारागिराचे दिवस सरले होते. ध्वनिमुद्रणाला निराळी यंत्रे, निराळे तंत्रज्ञ आणि मोठे भांडवल लागत होते.

९.
त्याच १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने मराठी बोलपट आणला : व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’. कथा कोणती? राजा हरिश्चंद्राचीच. एकोणीस वर्षांपूर्वी जिथे अण्णा साळुंके होते, तिथे आता तारामती म्हणून दुर्गा खोटे उभ्या होत्या, बोलत होत्या. पुराणकथा तीच राहिली, पण ती सांगण्याची रीत ओळखू येणार नाही इतकी पालटली.

१०.
या बोलपटातील हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, १९१३ च्या गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी नवे माध्यम आपलेसे केले. नायकाची भूमिका केली आणि संगीतही दिले. टेंबे मुळात पेटीवादक आणि संगीतकार होते. त्यांची विद्या पडद्याला हवी होती, म्हणून ती त्यांच्याबरोबर सहज पलीकडे गेली.

११.
बालगंधर्वांची विद्या रंगमंचाशी घट्ट बांधलेली होती. प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. पण पडद्यावरून ‘वन्स मोअर’ घेता येत नाही आणि पद मनाजोगे लांबवता येत नाही. रंगमंचावरचे अंतर प्रौढ नटाला तरुण नायिका होऊ देई. कॅमेरा ते अंतर पुसून टाकतो. प्रभातशी त्यांचा संबंध या एका चित्रपटानंतर संपला.

१२.
१९३७ साली एक विलक्षण योग जुळून आला. ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात पन्नाशीकडे झुकलेले बालगंधर्व मीरेच्या भूमिकेत दिसले. त्याच वर्षी ६७ वर्षांच्या फाळक्यांचा ‘गंगावतरण’ प्रदर्शित झाला. बोलपट म्हणून बनवलेला हा त्यांचा एकमेव चित्रपट, आणि शेवटचाही. बालगंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू व्हायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली.

१३.
ज्यांनी इतरांना जुने ठरवले, तेही पुढे जुने झाले. १९३३ मध्ये पुण्यात आलेली प्रभात १९५० च्या दशकात बंद पडली. तिच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. जुन्या फिल्मला किंमत उरली होती ती तिच्यातल्या चांदीपुरती. चांदी काढून घेण्यासाठी कित्येक प्रती नष्ट झाल्या. उरलेल्यांपैकी अनेकांचा घास आगीने आणि दमट हवेने घेतला. भारतात बनलेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी आज मोजकेच शिल्लक आहेत.

१४.
इतिहासाचा न्याय येथे अजब आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे अजून पाहता येतात. ती १९१३ ची मूळ आवृत्ती की १९१७ ची दुसरी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्याने साऱ्या मूकपटांना मुके ठरवले, त्या ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रत उपलब्ध नाही. भारताचा पहिला बोलका चित्रपट आज छायाचित्रांतून आणि जाहिरातींतून उरला आहे. तो आता बोलत नाही.

१५.
बालगंधर्वांचा स्वर मात्र ऐकू येतो. लाखेच्या तबकड्यांवर मुद्रित झालेली ती तीन-तीन मिनिटांची पदे पुढे लाँगप्लेवर, कॅसेटवर आणि आता मोबाइलवर आली. दर वेळी माध्यम कालबाह्य झाले. पण कोणीतरी वेळेवर तो आवाज नव्या माध्यमात उतरवून घेतला. बहुसंख्य मूकपटांच्या वाट्याला असे कोणी आले नाही. ज्या घरांच्या माळ्यावर आजीच्या ओव्यांची कॅसेट किंवा लग्नाची व्हीसीआर टेप पडून आहे, तिथे हे काम अजून करता येण्याजोगे आहे. चुंबकीय फीतही झिजते, आणि ती वाजवणारी यंत्रे दर वर्षी कमी होत आहेत.